कोडही वाचावा आणि त्यामागचे कारणही : ओपन सोर्सकडे वळणाऱ्या प्रोग्रामरसाठी वाचन

काही वर्षे वेब ॲप्लिकेशनचे काम केलेल्या एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न असा आहे : पायथन आणि जावास्क्रिप्ट चांगले येते, फ्रेमवर्कही सरावाचे झाले आहे, पण एखाद्या मोठ्या ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाचा कोड उघडला की सुरुवात कुठून करावी तेच उमगत नाही. अशा प्रकल्पांत पुढे काम करायचे असेल तर काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि त्यातले विनामूल्य काय मिळते?

अशा प्रश्नाला बहुधा दहा-पंधरा नावांची यादी मिळते आणि ती यादी तशीच पडून राहते. कॉलेजात आणि नोकरीत आपल्याला कोड लिहिण्याचा सराव होतो. दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा कोड सलग वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ओपन सोर्स प्रकल्पात मात्र पहिले काही महिने बहुतांशी वाचनातच जातात. म्हणून मी एकच कसोटी लावतो : जिथे कोड आणि तो तसाच का लिहिला याचे कारण शेजारी शेजारी वाचायला मिळते, ते आधी वाचावे. उरलेले गरजेप्रमाणे वाचता येते.

या कसोटीला सर्वांत आधी उतरते ते जॉन लायन्स यांचे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीवरील भाष्य. लायन्स ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवत. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन खंड तयार केले. एका खंडात ओळींना क्रमांक दिलेला कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स कोड होता आणि दुसऱ्यात त्यावरचे विवेचन. तो कोड दहा हजार ओळींच्या आत बसत असे, म्हणजे एका माणसाला एका शैक्षणिक सत्रात नेटाने वाचून संपवता येईल एवढाच. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली. त्यानंतर हे पुस्तक कित्येक वर्षे फोटोकॉपीच्या रूपातच हातोहात फिरत राहिले. रीतसर प्रकाशित झाले ते १९९६ मध्ये. सोर्स कोड वाचण्याच्या आणि शिकवण्याच्या हक्कासाठी लोक एवढे का झगडले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने हा इतिहास अवश्य लक्षात ठेवावा.

लायन्स यांच्या काळची सी भाषा आणि पीडीपी-११ हे यंत्र आज परके वाटते. त्यामुळे प्रत्यक्ष अभ्यासासाठी एमआयटीने २००६ पासून विकसित केलेली एक्सव्ही-६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी. ती युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर नव्याने लिहिलेली आहे, सध्याची आवृत्ती रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी आहे आणि सोबतची पुस्तिका विनामूल्य मिळते. आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमात ती वापरली गेली आहे. वाचनाची सुरुवात एका प्रोसेसवरून, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामवरून, दुसऱ्या प्रोसेसवर जाणाऱ्या, असेंब्लीत लिहिलेल्या छोट्या फंक्शनपासून करावी, असे मी सुचवेन. त्यात चौदा रजिस्टरांतील, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यांतील, किमती मेमरीत ठेवल्या जातात, दुसऱ्या जागेवरून चौदा किमती त्या रजिस्टरांत भरल्या जातात आणि फंक्शन संपते. मात्र परत कुठे जायचे तो पत्ताही त्या चौदांपैकीच एका रजिस्टरात असतो. तो बदललेला असल्यामुळे फंक्शन ज्याने बोलावले त्याच्याकडे न परतता भलत्याच ठिकाणी, म्हणजे पूर्वी केव्हातरी थांबवलेल्या दुसऱ्या कामात, जाऊन पोहोचते. कागदावर दोन्ही बाजूंचे स्टॅक काढून ही गोष्ट एकदा पटवून घ्यावी. मूळ युनिक्समध्ये याच कामाच्या फंक्शनात 'हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही' या अर्थाची एक टिप्पणी होती, आणि ती पुढे फार गाजली. युनिक्सचे एक कर्ते डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की 'हे परीक्षेत येणार नाही' अशा भावनेने ती लिहिली होती आणि खरी अडचण अशी होती की तिथे नेमके काय घडते हे त्यांनाही पुरते कळलेले नव्हते. नवख्या वाचकाला धीर देणारे यापेक्षा प्रामाणिक वाक्य मला ठाऊक नाही.

यासाठी सी भाषा लागेल. कर्निगन आणि रिची यांच्या सीवरील पुस्तकाची १९८८ ची दुसरी आवृत्ती अजूनही पुरेशी आहे. ते जेमतेम पावणेतीनशे पानांचे आहे. पॉइंटरवरचे पाचवे प्रकरण घाईने उरकू नये. सुरक्षिततेच्या आजच्या अपेक्षा त्या काळी नव्हत्या, त्यामुळे त्यातील उदाहरणे जशीच्या तशी आपल्या कोडमध्ये उतरवू नयेत.

दुसरी शिफारस डोनाल्ड क्नुथ यांच्या एका दीर्घ निबंधाची आहे. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिताना झालेल्या चुकांवर तो आहे आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्नुथ यांनी दहा वर्षे त्या प्रोग्राममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवली. साडेआठशेहून अधिक नोंदींची ती वही निबंधाला जोडलेली आहे आणि प्रत्येक नोंद पंधरापैकी एका प्रकारात बसवलेली आहे. मूळ अल्गोरिदम चुकला, करायचे ठरलेले विसरले, डेटा स्ट्रक्चर बिघडले, दोन भागांचा मेळ बसला नाही, कधी सुचलीच नव्हती अशी परिस्थिती उद्भवली, टंकलेखनाची साधी चूक झाली, असे ते प्रकार आहेत. आपल्या चुका अशा वर्गवारीने जगासमोर मांडणारा दुसरा एवढ्या तोलामोलाचा लेखक सहसा आढळत नाही. हा निबंध वाचल्यावर बगकडे पाहण्याची दृष्टी बदलते. बग दुरुस्त झाला की काम संपले असे वाटेनासे होते आणि तो कोणत्या जातीचा होता हे विचारण्याची सवय लागते. स्वतःच्या चुकांची अशी वही ठेवायला खर्च काहीच येत नाही.

आता प्रत्यक्ष प्रकल्पांच्या इतिहासाकडे वळू. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारी गिट ही प्रणाली रोज वापरणाऱ्या बऱ्याच जणांना त्यातील पाच-सात आदेश तेवढे पाठ असतात. 'प्रो गिट' हे स्कॉट शॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचे पुस्तक विनामूल्य वाचता येते. त्यातील गिटच्या अंतर्रचनेवरचे शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. फाइलचा मजकूर, फोल्डरची रचना आणि कमिट, म्हणजे बदलाची एक नोंद, या तीन गोष्टी गिट कशा साठवते हे कळले की मर्ज आणि रिबेस यांची भीती आपोआप कमी होते. त्यानंतर गिटच्याच रिपॉझिटरीतील ७ एप्रिल २००५ चा पहिला कमिट उघडावा. लिनक्स कर्नेलसाठी तोवर वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या प्रणालीची विनामूल्य सोय बंद झाल्यावर लिनस टॉर्वाल्ड्स यांनी काही दिवसांत लिहिलेला हा हजारभर ओळींचा कोड आहे. आज जगभर चालणाऱ्या गिटची मूळ कल्पना त्यात जवळपास पूर्ण दिसते. मोठा प्रकल्प समजत नसेल तर त्याची पहिली आवृत्ती वाचावी, हा उपाय इतरत्रही लागू पडतो.

इतिहास वाचणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघड झाला. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बाजू छोटासा संदेश पाठवते आणि दुसरी तोच मजकूर परत करते, अशी ती सोय होती. संदेशात प्रकारासाठी एक बाइट, मजकुराची लांबी सांगणारे दोन बाइट, मग मजकूर आणि शेवटी किमान सोळा बाइटची भर असते. ओपनएसएसएलचा कोड पाठवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून तेवढे बाइट मेमरीतून उचलून परत पाठवत असे. प्रत्यक्षात मजकूर एकाच बाइटचा असून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर शेजारच्या मेमरीत जे काही असेल, मग ते पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या, तेही बाहेर जाई. दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडमधील बदलाची फाइल, उघडून पाहावा. त्याचा गाभा एका तुलनेत आहे : एक, दोन, सांगितलेली लांबी आणि सोळा यांची बेरीज आलेल्या संदेशाच्या खऱ्या लांबीपेक्षा जास्त भरली तर संदेश मुकाट्याने टाकून द्यावा. शेजारच्या टिप्पणीत, असे करण्यास सांगणाऱ्या आरएफसी ६५२० या इंटरनेट मानकाच्या कलमाचा उल्लेख आहे. नियम, त्याचे उल्लंघन आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी इथे एका दृष्टिक्षेपात दिसतात. आठवड्याला असा एक पॅच, त्यावरील चर्चेसह, सावकाश वाचला तर वर्षभरात जी समज येईल ती केवळ पुस्तकांतून येणार नाही.

कमिटचा संदेश कसा लिहावा हे शिकण्यासाठी लिनक्स कर्नेलच्या दस्तऐवजांतील पॅच पाठवण्याविषयीचे प्रकरण वाचावे, मग कर्नेलमध्ये कधीच काम करायचे नसले तरी चालेल. आधी अडचण सांगा, तिचा वापरणाऱ्यावर काय परिणाम होतो ते सांगा, मग उपाय सांगा, आणि एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा, ही तिथली शिस्त कुठल्याही कार्यालयात उपयोगी पडते. पॅचखाली येणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ २००४ मध्ये आली. कर्नेलमधील कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीने न्यायालयात वाद उभे केल्यानंतर, प्रत्येक ओळ कोणाकडून आणि कोणत्या हक्काने आली हे नोंदवणे आवश्यक झाले होते.

रचनेवरच्या पुस्तकांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांचा सुकाळ आहे. एकच घ्यायचे असेल तर जॉन औस्टरहाउट यांचे सॉफ्टवेअर रचनेच्या तत्त्वज्ञानावरील छोटे पुस्तक घ्यावे. बाहेरून वापरायला सोपे आणि आत भरपूर काम करणारे मॉड्यूल चांगले, हा त्याचा मध्यवर्ती विचार आहे. त्यासाठी दिलेले युनिक्सच्या फाइल हाताळणीचे उदाहरण अचूक आहे : उघडणे, वाचणे, लिहिणे, जागा बदलणे आणि बंद करणे अशा पाच कॉल्सच्या मागे लाखो ओळींचे काम दडलेले असते. त्याला जोड म्हणून ओपन सोर्स प्रकल्पांच्या रचनेवरील, ॲमी ब्राउन आणि ग्रेग विल्सन यांनी संपादित केलेले २०११ चे निबंध वाचावेत. ते विनामूल्य आहेत आणि बहुतेक निबंध त्या त्या प्रकल्पाच्या कर्त्यांनीच लिहिले आहेत. सगळे वाचण्याची गरज नाही. आपण वापरत असलेल्या प्रकल्पांवरचे निवडावेत.

कोडइतकेच माणसांविषयी वाचणे आवश्यक आहे आणि नवे लोक बहुधा इथेच कमी पडतात. फ्रेड ब्रुक्स यांचे १९७५ चे 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक आयबीएमच्या ओएस/३६० या प्रकल्पाच्या अनुभवातून आलेले आहे. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे नेमली की तो आणखी लांबतो, हा त्यांचा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. त्याच्या पाठोपाठ एरिक रेमंड यांचा 'द कॅथिड्रल अँड द बझार' हा १९९७ चा निबंध वाचावा. पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही बग फार खोल राहत नाही, असे रेमंड यांचे म्हणणे आहे. ते उत्साहवर्धक असले तरी तपासून घेण्याजोगे आहे. हार्टब्लीडचा कोड दोन वर्षे सर्वांसमोर खुला होता. डोळे असू शकतात आणि प्रत्यक्षात कोणी पाहत आहे, यांत फार मोठे अंतर आहे.

त्या अंतराचा विचार नादिया एघबाल यांनी २०२० च्या 'वर्किंग इन पब्लिक' या पुस्तकात केला आहे. आजच्या अनेक प्रकल्पांत वापरणारे लाखो आणि सांभाळणारे एक-दोन असतात. अशा ठिकाणी कोडपेक्षा मेंटेनरचे लक्ष ही दुर्मीळ गोष्ट ठरते, असे त्या दाखवतात. हे वाचून मग २०२४ चे एक्सझेड प्रकरण अभ्यासावे. कॉम्प्रेशनची ही लायब्ररी मुख्यतः एकटा माणूस मोकळ्या वेळेत सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही जणांनी कामाच्या संथपणावरून त्याच्यावर दबाव आणला. त्याच सुमारास टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने चांगले पॅच पाठवून विश्वास मिळवला आणि पुढे ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच जोडणीला अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले, त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. मला यातील सर्वांत बोधप्रद तपशील असा वाटतो की घातक कोड चालू करणारी बिल्डमधली कळ गिट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती वितरणासाठी बांधलेल्या संकुलित फाइलमध्ये होती. रिपॉझिटरी कितीही बारकाईने वाचली असती तरी ती कळ सापडली नसती. युनिक्सचेच दुसरे कर्ते केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले, १९८४ मध्ये छापलेले भाषण नेमके याच प्रश्नावर आहे : सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच बिघडवलेला असेल तर स्वच्छ सोर्स कोड वाचून काय कळणार? हे भाषण जेमतेम तीन पानांचे आहे. त्या मेलिंग लिस्टवरील २०२२ चे संवाद आणि ही तीन पाने एकाच बैठकीत वाचावीत.

प्रकल्पात वावरायचे कसे, चर्चा कशी करायची, मतभेद कसे मिटतात, यासाठी कार्ल फोगेल यांचे 'प्रोड्यूसिंग ओपन सोर्स सॉफ्टवेअर' पुरेसे आहे आणि तेही विनामूल्य मिळते. कोडची प्रत घेऊन कोणीही वेगळा प्रकल्प काढू शकतो, या शक्यतेमुळेच नेतृत्वाला सर्वांना सांभाळून घ्यावे लागते, हा त्यांचा मुद्दा विसरू नये. २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने आपला जुना बीएसडी परवाना सोडला तेव्हा काही दिवसांतच व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा राहिला, ते याच शक्यतेमुळे. परवान्यांवरची जाड पुस्तके आधी घेऊ नयेत. एमआयटी परवाना एका पानात मावतो. जीपीएल या परवान्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती तासाभरात वाचून होते. मूळ मजकूरच वाचावा, त्यावरील ऐकीव मते नंतर.

मराठीत सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. लिनक्स, सी, पायथन, लिबरऑफिस अशा विषयांवरचे छोटे दृक्श्राव्य पाठ तिथे मराठीतही मिळतात. ज्यांना आपल्या भाषेसाठी काही करायचे आहे त्यांनी मात्र युनिकोड मानकातील देवनागरीवरचा भाग मुळातून वाचावा. 'वाऱ्यावर' या शब्दातला आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : नुक्त्याच्या ऱ नंतर हलन्त देऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे असतात आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे समान रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, ती एकरूप होत नाहीत. साहजिकच एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. आपल्या आवडत्या एडिटरमध्ये किंवा डेटाबेसमध्ये हे करून पाहावे. मराठी न जाणणाऱ्या मेंटेनरच्या हे लक्षात येणे कठीण आहे, त्यामुळे इथे मराठी प्रोग्रामरचे योगदान खऱ्या अर्थाने हवे आहे.

क्रम विचारला आहे म्हणून सांगतो. आधी सी आणि एक्सव्ही-६ हातावेगळे करावे; त्याला नोकरी सांभाळून काही महिने लागतील आणि ते लागू द्यावेत. त्याच काळात संध्याकाळच्या वाचनाला क्नुथ, ब्रुक्स आणि थॉम्प्सन ठेवावेत. त्यानंतर रोज वापरातला एक प्रकल्प निवडावा, त्याच्या नोंदवहीतील एक बंद झालेला बग घ्यावा आणि पॅच न पाहता तो स्वतः दुरुस्त करण्याचा प्रयत्न करावा. मगच मूळ पॅच आणि त्यावरची चर्चा वाचावी. फोगेल आणि एघबाल यांची पुस्तके पहिला पॅच पाठवण्यापूर्वी वाचावीत, म्हणजे उत्तराला उशीर झाला तर मेंटेनरवर चिडण्याची वेळ येणार नाही. या सरावासाठी प्रकल्प निवडताना एक काळजी घ्यावी. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड आणि त्याच्या चाचण्यांविषयीचे दस्तऐवज हे उत्कृष्ट वाचन आहे, परंतु तो प्रकल्प सार्वजनिक मालकीचा राहावा म्हणून त्याचे कर्ते बाहेरून आलेले पॅच सहसा स्वीकारत नाहीत. तो वाचनासाठी ठेवावा आणि पॅच पाठवण्यासाठी असा प्रकल्प घ्यावा जिथे गेल्या महिन्याभरात नवख्या माणसांचे पॅच वाचले आणि स्वीकारले गेलेले दिसतात.